चादरींसाठी अडीच लिटर

६ फेब्रुवारी, सकाळ
व्हॅन वारली. दुसरा शब्द सुचत नाही. लाँड्रीच्या दारातून निघाली, चौकापर्यंत गेली, खोकली, पांढरा धूर सोडला आणि थांबली ती थांबलीच. मेहुणा आला. (हिचा धाकटा भाऊ. टायरच्या दुकानात मॅनेजर. स्वतःला इंजिनिअर समजतो.) बोनेट उघडून आत बघितलं, बोनेट बंद केलं, म्हणाला, दाजी, आता हिला हात जोडा.

वेळ वाईट आहे. एक मार्चपासून टेकडीवरच्या हॉस्पिटलचं काम आपल्याकडे. रोज सकाळी धुतलेल्या चादरी, अभ्रे, पेशंटचे गाऊन वर न्यायचे, मळलेले खाली आणायचे. आतापर्यंत आम्ही लॉजच्या चादरी आणि सलूनचे टॉवेल धुणारी माणसं. हे काम मिळवायला ही वर्षभर हॉस्पिटलचे उंबरे झिजवत होती. मी मानसिक पाठबळ देत होतो. या कामासाठी तिन्ही लॉजना नाही म्हणून कळवलंय, इस्त्रीला दोन बायका नव्या ठेवल्यात. पहिल्याच दिवशी चादरी वर गेल्या नाहीत तर काम बुडबुड्याकडे जाईल. (बुडबुडा म्हणजे पलीकडच्या गल्लीतला लाँड्रीवाला. पाटीवर साबणाचे बुडबुडे काढलेत म्हणून. तोही याच कामामागे होता.)

संकल्प: नवी पिकअप घ्यायची. कोणती ते मी ठरवणार. रविवारच्या आत. थंड डोक्याने.

८ फेब्रुवारी, रविवार
शोरूम. टाय लावलेला एक सेल्समन. फार हसतो. पिकअप एकच. मागे सीट असलेली तीच केबिन, तोच हौदा, तीच चाकं. पण इंजिनं दोन: दीड लिटर आणि अडीच लिटर. हिने विचारलं, फरक काय? सेल्समन म्हणाला, फरक मॅडम लोडमध्ये आणि चढावर.

चढ हा शब्द ऐकल्याबरोबर मी दोन पावलं मागे सरकलो. शोरूममध्ये गर्दी होती.

ही म्हणाली, लहान बघू या. सेल्समनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, असे निर्णय उभ्या उभ्या होत नाहीत. ब्रोशर घेतले. दोन्ही. ही म्हणाली, आज ठरवायचं होतं ना? मी म्हटलं, आज ठरवलंय की विचार करायचा.

१० फेब्रुवारी
अभ्यास सुरू. टॉर्क, हॉर्सपॉवर, गिअर रेशो. दुपारभर व्हिडिओ बघितले. एका व्हिडिओत अडीच लिटरची पिकअप चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढते. डोळ्यांत पाणी आलं. ही मागून बघत होती. म्हणाली, आपल्याला ट्रॅक्टर धुवायचेत का?

हिचा मुद्दा असा: आपण नेणार चादरी. वाळलेल्या. इस्त्री केलेल्या. भरलेला हौदा ढकलगाडीवाल्याच्या कांद्यांपेक्षा हलका असेल. मग मोठं इंजिन कशाला? वर म्हणाली, नाकापेक्षा मोती जड.

हिच्याकडे दूरदृष्टी नाही. आज चादरी आहेत. उद्या गाद्या येतील. परवा पलंग.

११ फेब्रुवारी
प्रयोग. वीस चादरी वजनकाट्यावर टाकल्या. वजन निराशाजनक. मग त्याच चादरी ओल्या करून पुन्हा टाकल्या. फारच समाधानकारक. ही धावत आली. इस्त्री झालेल्या होत्या, कुठल्या ते मी बघितलं नव्हतं. मी समजावलं की वाटेत पाऊस आला, ताडपत्री फाटली, सगळं भिजलं तर? अशा वेळी दीड लिटर काय करणार? ही म्हणाली, भिजलेल्या चादरी घेऊन हॉस्पिटलात जायचंच कशाला, खाली यायचं. आणि खाली यायला इंजिन लागत नाही.

उत्तर होतं माझ्याकडे. वेळेवर सुचलं नाही.

इस्त्रीवाल्या दोघींना वीस चादरी पुन्हा कराव्या लागल्या. दोघीही माझ्याशी बोलत नाहीत. दोन नव्या माणसांना आठवडाभरात मालकाचा दरारा वाटू लागला, हे चांगलंच.

१३ फेब्रुवारी
हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा फोन. उंच आवाज, छोटी वाक्यं. गाडी झाली? नंबर कळवा. गेटवर नोंदवावा लागतो. मी म्हटलं, गाडी प्रोसेसमध्ये आहे. त्या म्हणाल्या, आमच्याकडे प्रोसेस नसते, आमच्याकडे पेशंट असतात.

मग मी त्यांना अडीच लिटरबद्दल सांगायला लागलो. त्यांनी मध्येच विचारलं, हौद्याला वरून बंद झाकण आहे ना? धूळ चालणार नाही. मी हो म्हटलं. बघितलं नव्हतं. इंजिनाबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. एवढं मोठं हॉस्पिटल चालवतात म्हणे.

१४ फेब्रुवारी, शनिवार
टेस्ट ड्राइव्ह, दीड लिटर. सविस्तर लिहितो, कारण पुढे वाद झाला तर उपयोगी पडेल.

मी स्टिअरिंगवर, शेजारी सेल्समन, मागच्या सीटवर ही. शहरातून गाडी ठीक चालली. मग सेल्समनला हौस आली, म्हणाला, तुमच्या हॉस्पिटलच्या रस्त्यावरच बघा ना सर. तो रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा आणि मधोमध कोपरात वाकवलेल्या हातासारखं एक वळण. चढ असा की चालणारी माणसंसुद्धा तिथे बोलणं थांबवतात.

वळणावर समोरून बस आली. मला थांबावं लागलं. बस गेली. मी क्लच सोडला. गाडी पुढे जाण्याऐवजी मागे निघाली. हळूहळू, पण ठामपणे. मी ॲक्सिलरेटर दिला, इंजिन ओरडलं, बंद पडलं. गाडी आणखी मागे. आरशात कठडा मोठा होत होता. कोणीतरी ओरडलं. (मी नव्हे, बहुधा.) तेवढ्यात सेल्समनने हँडब्रेक ओढला.

खाली उतरून सेल्समनने टाय सैल केला. मी त्याला शांतपणे विचारलं, बघितलंत? इंजिनात दमच नाही. तो म्हणाला, सर, हाफ क्लच... मी म्हटलं, मी बावीस वर्षं गाडी चालवतोय. त्याने टाय आणखी सैल केला. ही मागच्या सीटची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती.

निष्कर्ष: दीड लिटर बाद.

१५ फेब्रुवारी
निष्कर्षात अडचण. मेहुणा परस्पर शोरूमला गेला, तीच गाडी घेतली, तोच चढ चढला. वर हॉस्पिटलच्या दाराशी चहा प्यायला आणि आला. वळणावर मुद्दाम थांबवून पुन्हा उचलली म्हणे. एका हाताने.

मी विचारलं, गाडीत वजन किती होतं? म्हणाला, मी आणि सेल्समन. मी म्हटलं, आमच्या वेळी आम्ही तिघं होतो. ही म्हणाली, म्हणजे सगळं खापर माझ्यावर? मेहुणा हसला. मी हसलो नाही. अभ्यासाच्या विषयात मी हसत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
टेस्ट ड्राइव्ह, अडीच लिटर. ही आली नाही. म्हणाली, कामं आहेत. सेल्समनने सुरुवातीलाच विचारलं, सर, सपाट रस्त्यावर बघू या का? मी म्हटलं, चढ.

काय गाडी आहे! नुसता आवाज ऐकून छाती दीड वीत फुगली. वळणापर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये. पुढे कोणी नव्हतं, पण शास्त्रीय कसोटीसाठी मी स्वतःहून थांबलो. (खरं म्हणजे गिअर बदलताना थोडा गोंधळ झाला आणि गाडी थांबली. पण थांबणारच होतो.) मग मागच्या वेळचा अनुभव लक्षात घेऊन ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि क्लच एकदम सोडला.

गाडी मागे गेली नाही. हे महत्त्वाचं. ती पुढे गेली. इतकी पुढे की उरलेला चढ संपवून, हॉस्पिटलच्या पार्किंगचा दोरखंड तोडून, फुलांची एक कुंडी आडवी करून मग थांबली. मेट्रनबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी गाडी बघितली, कुंडी बघितली, मग मला बघितलं. मी खिडकीतून सांगितलं, हीच गाडी घेतोय.

खाली येताना सेल्समनने मला चालवू दिली नाही. म्हणाला, कंपनीचा नियम आहे. कुंडी मात्र मी भरून दिली. माणसाने जबाबदारी घ्यावी.

ताकद सिद्ध झाली.

१७ फेब्रुवारी
दुपारी जेवताना हिने सरळ विचारलं. अहो, तुम्हाला भीती इंजिनाची वाटते की चढाची?

काय प्रश्न आहे हा? मी विचारलं, भीती कोणाला वाटते? म्हणाली, मी आहे ना तुमच्याबरोबर, मला खरं सांगा. चढ जमत नसेल तर गाडी मी चालवेन. लायसन्स आहे माझ्याकडे.

लायसन्स आहे, मान्य. लग्नाआधी माहेरचा दुधाचा टेम्पो चालवायची. पण लायसन्स असणं वेगळं आणि गाडी चालवता येणं वेगळं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, हो, ते तर मी बघितलंच.

काय बघितलं ते बोलली नाही. डोकं दुखत होतं म्हणून दुपारी पडलो.

१९ फेब्रुवारी
घरात दोन पक्ष. दीड लिटर पक्षात ही, मेहुणा आणि इस्त्रीवाल्या दोघी (त्यांना कोणी विचारलं?). अडीच लिटर पक्षात मी. पण बहुमताने इंजिन निवडत नाहीत.

मेहुणा म्हणाला, दाजी, अंथरूण पाहून पाय पसरावेत. मी म्हटलं, अरे, आपला धंदाच अंथरुणाचा आहे! जेवढं पसरू तेवढं थोडं. कधी नव्हे ते मला वेळेवर सुचलं. दिवसभर खुशीत होतो.

संध्याकाळी बुडबुडा भेटला. म्हणाला, ऐकलं, अजून गाडी नाही. माझ्या दोन गाड्या रिकाम्या असतात, लागली तर सांगा. किती गोड हसला! मी म्हटलं, आमची येतेय. मोठ्या इंजिनाची. 

२१ फेब्रुवारी
बुकिंग केलं. अडीच लिटर. हिला न विचारता. तिला सरप्राइज. शिवाय वाद टळतो.

सेल्समनने अर्ज भरता भरता खाली मान घालून सांगितलं, सर, मोठ्या इंजिनाला वेटिंग आहे, एप्रिल उजाडेल. छोटं उद्या मिळतंय, दारात उभं आहे. तोंडातून हो जायच्या बेतात होतं. पण दारात खरोखर ती दीड लिटरवाली उभी होती, आणि तिच्याकडे बघितल्यावर मला तिच्या आरशातला कठडा दिसला.

म्हटलं, थांबू. घाईत घेतलेला निर्णय चुकतो.

एक मार्चचं काहीतरी बघू. भाड्याची गाडी मिळते की. ड्रायव्हरसकट.

२३ फेब्रुवारी, सोमवार
सेल्समनने बुकिंग पक्कं झाल्याचा फोन केला. हिच्या नंबरवर.

ही ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. इस्त्रीवाल्यांना दारात ठेवून आत आली, दार लावलं, आणि म्हणाली, आपण तीन लॉज सोडलेत. या दोघींनी आधीची कामं सोडलीत. माझ्या शब्दावर सोडलीत. एक तारखेला वर चादरी पोहोचल्या नाहीत तर त्यांना मी काय तोंड दाखवू?

मी म्हटलं, भाड्याची गाडी सांगितलीय. ड्रायव्हरही. (तोवर सांगितली नव्हती. लगेच सांगितली.)

ती म्हणाली, बरं. एवढंच. बायको 'बरं' म्हणते तेव्हा काहीच बरं नसतं, हे कळायला बावीस वर्षं गाडी चालवावी लागत नाही.

२५ फेब्रुवारी
ही सकाळी भावाबरोबर बाहेर जाते. विचारलं तर म्हणते, काम आहे. आल्यावर हाताला डिझेलचा वास. चेहरा घामेजलेला पण प्रसन्न. अबोला चालू असताना माणूस प्रसन्न दिसतो, हे मनाचं फार विचित्र कोडं आहे. बहुधा भावाच्या दुकानात टायर मोजायला जात असेल. राग कुठेतरी काढावा लागतो.

मी तिला मोकळीक दिली आहे.

२७ फेब्रुवारी
मेट्रनबाईंचा फोन. भाड्याच्या गाडीचा नंबर दिला. त्या म्हणाल्या, जुन्या लाँड्रीवाल्याने काम सुटतंय म्हटल्यावर कालपासून चादरी पाठवणं बंद केलंय. कपाटात फार थोडं उरलंय. एक तारखेला सकाळी पहिल्या फेरीत भरपूर आणा. उशीर नको. या वेळी 'प्रोसेस' हा शब्द तोंडात आला नाही. हो म्हटलं.

आज सगळेच कामाला भिडलेत. मशीन बंद होत नाही. ही, दोघी इस्त्रीवाल्या, मीही. गाठोडी बांधली. घरभर पांढरंच पांढरं.

 

१ मार्च, दुपार
 अक्षर वाईट येतंय. तरी लिहितो.

सकाळी भाड्याची पिकअप दारात आली. दीड लिटर. (होय.) ड्रायव्हरने चावी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, बायकोला प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यात, मी निघालो. त्याला कोण काय बोलणार? मेहुण्याला फोन केला, तो दुकानाच्या मालासाठी परगावी. ही म्हणाली, मी चालवते. मी म्हटलं, नवऱ्याने शेजारी बसायचं आणि बायकोने... ती म्हणाली, वाद घालायला वेळ नाही, बसा जिथे बसायचंय तिथे. मी स्टिअरिंगवर बसलो.

हौदा गाठोड्यांनी भरलेला. पहाटे इस्त्री केलेली, अजून गरम असलेली काही केबिनमध्ये, हिच्या मांडीवरसुद्धा एक.

रस्ता सुटीचा, मोकळा. मनात म्हटलं, वळणावर न थांबता एका दमात जायचं. थांबलं नाही की चढ कसला. पहिला टप्पा छान गेला. वळण आलं. आणि वळणावर पाण्याचा टँकर उभा. टायर पंक्चर. एक माणूस हात दाखवून थांबवतोय.

थांबलो. ब्रेकवर उभा राहिलो म्हणायला हरकत नाही. मागून भोंगा ऐकू आला. ॲम्ब्युलन्स. आमच्या मागे येऊन थांबली. तिच्या मागे आणखी दोन गाड्या. टँकरवाल्याने कडेची एक गाडी जाईल एवढी वाट दाखवली आणि हात हलवला, या, या.

मी क्लच सोडला. गाडी मागे गेली. ब्रेक. पुन्हा. बंद पडली. चालू केली. पुन्हा मागे. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा थांबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून नुसता बघायला लागला, ते हॉर्नपेक्षा वाईट. आमच्यात आणि त्याच्यात आता हातभर अंतर असेल. हँडब्रेक ओढला, तो पूर्ण धरेना. पाय ब्रेकवरून उचलायची हिंमत होईना. 

ही म्हणाली, पाय काढू नका. दार उघडून उतरली. मांडीवरचं गाठोडं घेऊन मागे गेली. आरशात दिसली. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, हॉस्पिटलच्या चादरींचं गाठोडं तिने रस्त्यावर टाकलं आणि पायाने ढकलून मागच्या चाकाखाली घट्ट बसवलं. मग माझ्या बाजूचं दार उघडलं. म्हणाली, सरका.

मी म्हटलं, अगं, पण...

ती म्हणाली, आत माणूस आहे हो त्या गाडीत.

सरकलो.

ती बसली. सीट पुढे ओढली. आरसा नीट केला, जसा काही पूर्ण दिवस पडलाय. क्लच अर्धा सोडला, इंजिनाचा आवाज जरा जड झाला, तिने मान कलती करून तो ऐकला आणि हँडब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही. मागे नाही, पुढे नाही. मग पुढे. टँकरच्या कडेने, आरसा दुमडून, वर. मागोमाग ॲम्ब्युलन्स.

तेच इंजिन. तोच लोड. वर मीही होतो.

मेट्रनबाई दारात. चार वॉर्डबॉय तिथेच उभे होते, गाठोडी हातोहात आत गेली. एका बाईंना नुसत्या गादीवर झोपवलं होतं, त्यांच्याखाली सगळ्यात आधी चादर घातली. मी दारातून बघितलं. म्हाताऱ्या होत्या. चादरीवरून हात फिरवत म्हणाल्या, गरम आहे अजून.

चाकाखालचं गाठोडं टँकरवाल्याने आणून दिलं. वरच्या चादरीवर टायरची पूर्ण नक्षी. मेट्रनबाईंनी विचारलं, हे काय? हिने जे झालं ते सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. 'गाडी मागे जात होती' असं म्हणाली. मेट्रनबाईंनी गाठोडं परत केलं, म्हणाल्या, पुन्हा धुवा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही ते कुंडीवाले ना?

१ मार्च, संध्याकाळ
दिवसभराचा विचार करता दोष भाड्याच्या गाडीचा. जुनी गाडी, हँडब्रेक ढिला, क्लच प्लेट घासलेली. शिवाय ज्या गाडीवर हात बसलेला नाही ती गाडी

हे वाक्य पूर्ण करवेना. तिचाही हात बसलेला नव्हता त्या गाडीवर.

२ मार्च
कळलं की ती भावाबरोबर टायर मोजायला जात नव्हती. दुकानाचा टेम्पो घेऊन रोज सकाळी त्याच चढावर जायची. वळणावर थांबवायची, उचलायची. थांबवायची, उचलायची. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही त्यावरही व्हिडिओ दाखवला असता.

मग म्हणाली, तुम्हालाही शिकवते. एक आठवड्याचं काम आहे. पहिले दोन दिवस मलाही घाम फुटला होता.

म्हटलं, बघू. सध्या कामाचा व्याप आहे.

४ मार्च
शोरूम. अडीच लिटर रद्द, दीड लिटर घेतली. बंद झाकणाची. निर्णय माझाच. सर्व बाजूंचा विचार करून, प्रत्यक्ष परिस्थितीत कसोटी घेऊन. सेल्समनने चावी पुढे केली. माझा हात अर्ध्यावर गेला होता. त्याने चावी हिच्या हातात दिली. माणूस चांगला आहे, पण जरा घाबरट.

१९ मार्च
रोज ही वर जाते. मीही गेलो पहिले काही दिवस, शेजारी बसून. वळण आलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, तिथे ब्रेक नसला तरी. हिने आज हळूच सांगितलं, तुम्ही खालीच थांबलात तर इथलं काम उरकेल. मलाही तसंच वाटत होतं. माझं लक्ष नसलं की इथे सगळं ढिलं पडतं.

इस्त्रीवाल्या दोघी आता माझ्याशी बोलतात. "ते तिकडे ठेवा" असं.

८ एप्रिल
हाफ क्लचचा सराव. जागा: लाँड्रीमागचं मैदान. चढ नाही. ही म्हणाली, सपाटावर काय सराव? मी म्हटलं, पायरीपायरीने.

मेहुणा म्हणाला, दाजी, त्या मैदानात पायरीसुद्धा नाही.

२२ एप्रिल
हॉस्पिटलने दुसरा वॉर्डही दिला. मेट्रनबाईंनी हिला बोलावून सांगितलं. दुसरी गाडी लागणार. आज चहा पिताना ही म्हणाली, दुसरीलाही छोटंच इंजिन घेऊ ना? मी म्हटलं, तू म्हणशील ते. एवढा सोपा प्रश्न होता तो. बोलून झाल्यावर लक्षात आलं. मग ती म्हणाली, चालवायला एका मुलीला विचारलंय, तिचा चढावर हात चांगला आहे. मी म्हटलं, छान.

दुपारी ही वर गेली. इस्त्रीवाल्या जेवायला घरी. ड्रायरमधून मोठ्या चादरी निघाल्या, गरम होत्या तोवर घड्या घालायला घेतल्या. छोट्या जमल्या. मोठीची घडी एकट्याने येत नाही. हनुवटीखाली धरली, भिंतीला टेकवली, टेबलावर पसरली. एक बाजू सरळ केली की दुसरी जमिनीला लागते. मग दोन कोपरे धरून तसाच उभा राहिलो. गाडी दाराशी आली, अलगद थांबली. ही आत आली, पलीकडचे दोन कोपरे उचलले, म्हणाली, ताणून धरा.

धरली.